मिंट २१: मराठी टायपिंग बंद, लिब्रे ऑफिस उघडेना, फायरफॉक्सला प्रोफाइल मिळेना (होममधल्या डॉट फोल्डरांच्या परवानग्या)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. फोनवरून लिहितेय, कारण लॅपटॉपवर मराठी टाइपच होत नाहीये आणि प्रश्नही तोच आहे.

जुनी हार्ड डिस्क खरखर करायला लागली म्हणून इथल्या एका दुकानात एसएसडी बसवून घेतली. लिनक्स मिंट २१, सिनॅमन डेस्कटॉप. दुकानदाराने नव्या डिस्कवर मिंट टाकलं, जुन्याच नावाचा युजर केला आणि जुन्या डिस्कवरचं माझं होम फोल्डर उचलून नव्यावर आणून ठेवलं. घरी येऊन उघडलं तर वॉलपेपर माझाच, डॉक्युमेंट्स, फोटो, डाउनलोड्स सगळं जिथल्या तिथे. साध्या एडिटरमध्ये फाइल उघडते, बदल सेव्ह होतात. वाटलं, काम छान झालं.

मग एकेक अडायला लागलं. आयबस (टायपिंगची भाषा बदलणारा प्रोग्रॅम) सुरूच होत नाही, पॅनेलवर भाषा बदलायचं चिन्ह येत नाही, त्यामुळे इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड गेला. लिब्रे ऑफिसचा लोगो क्षणभर दिसतो, मग युजर इन्स्टॉलेशन पूर्ण होऊ शकलं नाही अशा अर्थाचा संदेश देऊन ते बंद होतं. फायरफॉक्स म्हणतो की प्रोफाइल लोड करता येत नाही, ती हरवली आहे किंवा तिथवर पोहोचता येत नाही. लिब्रे ऑफिस आणि आयबस दोन्ही काढून पुन्हा टाकले, काही फरक नाही. एक मात्र दिसलं: चाचणीसाठी नवा युजर बनवला तर त्यात सगळं व्यवस्थित चालतं.

भाषांतराचं काम याच आठवड्यात द्यायचंय. शिवाय लिब्रे ऑफिसमध्ये मी वर्षानुवर्षं शब्द घालून वाढवलेला मराठी शब्दसंग्रह आहे, तो कुठल्याही परिस्थितीत जायला नको. कुठून सुरुवात करू?

खिडकीबाहेर

परमिशनचा प्रश्न आहे हा, शंभर टक्के. टर्मिनल उघडा आणि पूर्ण होम फोल्डरवर सुडो (म्हणजे ॲडमिनचे हक्क) लावून परवानग्या बदलणारी सीएचमॉड ७७७ ही कमांड चालवा, आतल्या सगळ्या फोल्डरांसकट. सगळ्यांना सगळं उघडं केलं की अडायचं कारणच राहत नाही. माझ्या मशिनवर मी हेच करतो.

सह्यकडा

ताई, ७७७ चालवू नका. आत्ता काहीच बदलू नका, आधी नुसतं पाहू या.

नव्या युजरमध्ये सगळं चालतंय म्हणजे प्रोग्रॅम ठणठणीत आहेत, ते काढून-घालून हाती काही लागणार नाही. बिघाड तुमच्या होममध्ये आहे. त्यातही दिसणारे फोल्डर नीट चालताहेत, म्हणजे टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फोल्डरांकडे बघायला हवं. प्रोग्रॅम आपल्या सेटिंग तिथेच ठेवतात.

कमांडी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन लिपीत आणि छोट्या अक्षरांत टाइप करायच्या, मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगेन. आत्ता फक्त या तीन:

एलएस -एलए ~
एलएस -एलए ~/.कॉन्फिग
आयडी

पहिल्या दोन्हींच्या उत्तरात तिसरा रकाना मालकाचा, चौथा ग्रुपचा. तुमच्या युजरनेमऐवजी दुसरं काही कुठे दिसतं का, ते बघा. तारखांचा रकानाही बघा. तिन्हींपैकी एकही कमांड काही बदलत नाही, निर्धास्त चालवा.

गोदाकाठ

चालवल्या. होममध्ये डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप सगळे माझ्या नावावर. डॉट-कॉन्फिग हे फोल्डरही माझ्याच नावावर. पण ही ओळ वेगळी दिसली:

डीआरडब्ल्यूएक्स------  रूट  रूट  .मोझिला

आणि डॉट-कॉन्फिगच्या आत सरमिसळ आहे. सिनॅमन, डीकॉन्फ, निमो माझ्या नावावर. आयबस, लिब्रेऑफिस, व्हीएलसी या तिघांवर रूट, रूट. रूटवाल्या सगळ्यांची तारीख आणि वेळ जवळजवळ एकच, लॅपटॉप दुकानात होता त्या संध्याकाळची. आयडी कमांडने युआयडी, म्हणजे माझा युजर आकडा, १००० दाखवला.

सह्यकडा

तीन ओळींत सगळं आलं. दुकानात काय झालं असणार ते यावरून बरंचसं सांगता येतं, आणि ते कळलं की दुरुस्ती कुठवर करायची तेही कळतं.

मिंट टाकल्यावर त्यांनी तुमच्या नावाने एकदा लॉगिन केलं. त्या पहिल्या लॉगिनमध्ये सिनॅमनने डॉट-कॉन्फिग, त्यात डीकॉन्फ वगैरे आणि बाहेर डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर स्वतः तयार केले. तुमच्या सेशनमध्ये तयार झाले म्हणून तुमच्या मालकीचे. मग त्यांनी जुन्या डिस्कवरून सुडो लावून सीपी -आरने सगळं कॉपी केलं. साधी सीपी -आर मूळ मालक जपत नाही. जी वस्तू नव्याने तयार होते ती कमांड चालवणाऱ्याच्या नावावर जाते, इथे रूटच्या, म्हणजे ॲडमिनच्या. जे फोल्डर आधीपासून होते त्यांचा मालक तसाच राहतो, नुसता आत माल भरला जातो. म्हणून वॉलपेपर बरोबर आला आणि आयबस बुडालं: मिंटच्या पहिल्या लॉगिनमध्ये आयबसचं फोल्डर नव्हतंच, ते कॉपीबरोबर रूटच्या नावाने जन्माला आलं.

मग डॉक्युमेंट्समधल्या फाइली रूटच्या नावावर आहेत हे त्यांच्या लक्षात आलं असणार आणि त्यांनी होममध्ये उभं राहून तारा (*, म्हणजे 'सगळी नावं') वापरून मालकी बदलली. शेलमधला तारा टिंबाने सुरू होणारी नावं पकडत नाही. दिसणारं सगळं तुमचं झालं, लपलेलं राहून गेलं.

आता तुमची तिन्ही लक्षणं बघा. आयबसचा डीमन, म्हणजे पडद्यामागे चालणारा भाग, सुरू होताना आपल्या सॉकेटचा (बोलायच्या जोडणीचा) पत्ता डॉट-कॉन्फिगमधल्या आयबस/बस या फोल्डरात एका फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि बाकीचे प्रोग्रॅम तो तिथून वाचतात. फोल्डर रूटचं, मोड ७००, म्हणजे तुमच्या डीमनला आत पाऊलच टाकता येत नाही. पत्ता लिहिला गेला नाही की इनस्क्रिप्ट कुणाला सापडणार? लिब्रे ऑफिसची प्रोफाइल डॉट-कॉन्फिग/लिब्रेऑफिस/४/युजर इथे असते, तिचंही तेच. फायरफॉक्सची डॉट-मोझिलात.

आणि मुख्य मुद्दा हा की या फोल्डरांच्या परवानग्या चुकलेल्याच नाहीत. मालकाला सगळं, ग्रुपला आणि इतरांना काही नाही, म्हणजे ७००, हेच तिथे असायला हवं. डेस्कटॉप प्रोग्रॅमनी सेटिंग कुठे ठेवावीत याचं जे एक्सडीजी नावाचं ठरलेलं मानक आहे, त्यातही फोल्डर नसेल तर ते ०७०० मोडने बनवा असंच म्हटलंय. चुकलाय तो मालक. म्हणून औषध सीएचमॉड नाही, मालक बदलणारं सीएचओन आहे. "परमिशन डिनाइड" असा संदेश आला की हात आपोआप सीएचमॉडकडे जातो, आणि निम्मे घोटाळे तिथेच सुरू होतात.

खिडकीबाहेर

विश्लेषण पटलं. पण घरचा लॅपटॉप, वापरणारी एकच व्यक्ती. मालक रूटच ठेवला आणि ७७७ दिलं तरी प्रोग्रॅम चालतीलच ना? त्यात नुकसान काय, ते कुणी नीट सांगावं. खरंच विचारतोय.

केवडा

सांगते. सर्व्हर सांभाळणं हेच माझं रोजचं काम आहे आणि ७७७ मारलेली होम फोल्डरं निस्तरण्यात माझा पुष्कळ वेळ जातो, म्हणून जरा लांबण लावते.

पहिलं नुकसान लगेच दिसतं: काही प्रोग्रॅम ७७७ बघून काम करायलाच नकार देतात. डॉट-एसएसएचमधली खाजगी किल्ली दुसऱ्या कुणाला वाचता येत असेल तर एसएसएच (दूरच्या मशिनवर लॉगिन करायचा प्रोग्रॅम) ती वापरत नाही, परवानग्या फार मोकळ्या आहेत असा ठळक इशारा देऊन थांबतं. उलट दिशेनेही तेच. सर्व्हरवर एसएसएचडीचा (एसएसएचच्या सर्व्हरकडच्या भागाचा) स्ट्रिक्टमोड्स हा पर्याय मुळातच चालू असतो. तुमचं होम फोल्डर, डॉट-एसएसएच किंवा ऑथराइज्ड-कीज ही फाइल इतर कुणाला लिहिता येण्यासारखी असेल तर तो किल्ली मानत नाही, थेट पासवर्ड विचारतो, आणि लोक तासन् तास किल्लीच बदलत बसतात. डॉट-जीएनयूपीजीवर जीपीजी हा कूटलेखनाचा प्रोग्रॅमसुद्धा असुरक्षित परवानग्यांची तक्रार करतं.

दुसरं नुकसान गुपचूप होतं. डॉट-कॉन्फिगमध्ये ऑटोस्टार्ट नावाचं फोल्डर असतं. त्यात ठेवलेली डेस्कटॉप फाइल तुम्ही लॉगिन केलं की तुमच्या नावाने चालते. फोल्डर सगळ्यांना लिहिण्याजोगं केलं, तर त्या मशिनवरचा कुठलाही दुसरा युजर किंवा दुसऱ्या युजरच्या नावाने चालणारी एखादी फुटलेली सेवा तिथे आपली फाइल टाकू शकते. मग ती जे करेल ते तुमच्या हक्काने. "मी एकटाच वापरतो" हे माणसांपुरतं खरं असतं. प्रिंटर, वेब सर्व्हर, डेटाबेस अशा सेवांचे लिनक्सवर स्वतःचे युजर असतात. डॉट-कॉन्फिगमध्ये क्रोमियमच्या लॉगिन कुकीज असतात, आरक्लोन वापरत असाल तर क्लाउडची टोकन असतात. मिंट ज्यावर बेतलंय त्या उबुंटूने २१.०४ पासून नव्या युजरचं होम ७५० केलं, आधी ते ७५५ होतं. बाहेरच्या दाराला त्यामुळे कडी लागली. पूर्ण होमवर ७७७ म्हणजे तीच कडी आपल्या हाताने काढणं.

तिसरं म्हणजे परतीची वाट राहत नाही. आतल्या सगळ्यांसकट ७७७ दिल्यावर कुठली फाइल ६०० होती, कुठली ६४४, कुठली स्क्रिप्ट ७५५, ही माहितीच पुसली जाते. प्रत्येक चिठोरी चालवण्याजोगी ठरते. मालक चुकलेला असताना निदान मोड शाबूत होते.

कुणी ७७७ आधीच देऊन बसलं असेल त्यांच्यासाठी: घाबरून उलट टोकाला जाऊन सगळ्यावर ६४४ किंवा ६०० मारू नका. फोल्डरच्या बाबतीत एक्सचा अर्थ आत शिरण्याचा हक्क असा असतो. आर असेल तर नावं वाचता येतात, डब्ल्यू असेल तर आत फाइल बनवता-मिटवता येते, पण एक्स नसेल तर नाव दिसूनही फाइलपर्यंत जाता येत नाही. तेव्हा एलएस -एल नावांच्या शेजारी नुसती प्रश्नचिन्हं छापतं, मालक नाही, तारीख नाही. ते बघून लोकांना डिस्क गेली असं वाटतं. डिस्कला काही झालेलं नसतं.

त्यासाठी सीएचमॉडला मोठा एक्स आहे. यू=आरडब्ल्यू आणि पुढे मोठा एक्स, मग स्वल्पविराम, जीओ= आणि पुढे काहीच नाही. मोठा एक्स फोल्डरला आत शिरण्याचा हक्क देतो, फाइलला मात्र आधीपासून असेल तरच ठेवतो. ७७७ नंतर तो अपुरा पडतो, कारण तोवर सगळ्याच फाइलींना एक्स चिकटलेला असतो. तेव्हा फाइंडने वेगळं करावं लागतं: टाइप डी सगळ्यांना ७००, टाइप एफ सगळ्यांना ६००. हे फक्त डॉट-कॉन्फिगपुरतं करा. डॉट-लोकलमधलं बिन, पायथनची व्हर्च्युअल एनव्हायर्नमेंट, गिटचे हुक यांना एक्स लागतोच, तिथे सरसकट ६०० मारलं की दुसऱ्या दिवशी नवा धागा काढावा लागेल.

खिडकीबाहेर

ऑटोस्टार्टचा मुद्दा माझ्या कधी डोक्यातच आला नव्हता. आज माझ्या मशिनवर फाइंड चालवतो. मनापासून आभार.

रानजाई

एवढं करण्यापेक्षा आयबस, लिब्रेऑफिस आणि मोझिला ही फोल्डरं सरळ उडवली तर? पुन्हा आपोआप बनतात.

सह्यकडा

बनतात, पण कोरी बनतात. ताईंचा शब्दसंग्रह लिब्रेऑफिस/४/युजर/वर्डबुक या फोल्डरात आहे, त्यांनी स्वतः बसवलेल्या ऑटोकरेक्टच्या जोड्या शेजारच्या ऑटोकॉरमध्ये. डॉट-मोझिलात बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड. सगळं सुखरूप आहे, फक्त कुलूप दुसऱ्याच्या नावावर आहे. उडवायचं काहीही कारण नाही.

ताई, आता दुरुस्ती. आधी आहे त्या स्थितीची नोंद करून ठेवू, म्हणजे काही उलटंसुलटं झालं तर मागे येता येईल. होममध्ये उभ्या राहून:

सुडो गेटएफएसीएल -आर . > /टीएमपी/आधीचे.टीएक्सटी

(आर मोठा. कमांड सापडली नाही तर एसीएल नावाचं पॅकेज टाका.) यात प्रत्येक फाइलचा मालक, ग्रुप आणि मोड लिहिला जातो आणि सेटएफएसीएलच्या रिस्टोर पर्यायाने जसाच्या तसा परत बसवता येतो. रीस्टार्ट झाल्यावर टीएमपी साफ होऊ शकतं, तेव्हा ही फाइल नंतर पेनड्राइव्हवर हलवा.

मग यादी. तुमच्या होममध्ये तुमची नसलेली प्रत्येक गोष्ट:

सुडो फाइंड /होम/गोदा -एक्सडेव्ह ! -युजर गोदा

गोदाच्या जागी तुमचं युजरनेम. -एक्सडेव्हमुळे शोध त्याच डिस्कवर राहतो, होममध्ये दुसरं काही माउंट असेल तर तिकडे भरकटत नाही. सुडो हवाच, नाहीतर ७०० वाल्या रूटच्या फोल्डरांत फाइंडला शिरता येणार नाही आणि यादी अर्धवट येईल. ती शांतपणे वाचा. सगळी नावं तुमच्या ओळखीच्या प्रोग्रॅमांची वाटली तर:

सुडो फाइंड /होम/गोदा -एक्सडेव्ह -युजर रूट -एक्झेक सीएचओन -एच गोदा: {} +

नावानंतरचा विसर्गासारखा कोलन विसरू नका, त्यानेच ग्रुपही तुमचा होतो. -एच सुद्धा महत्त्वाचा. होममध्ये कुठे शॉर्टकट, म्हणजे सिमलिंक असेल आणि तो बाहेरच्या एखाद्या सिस्टिम फाइलकडे जात असेल, तर -एच नसताना मालक त्या बाहेरच्या फाइलचा बदलतो.

आणि एक कमांड कृपया कुठेही वाचलीत तरी चालवू नका: सीएचओन मोठ्या -आरसह, पुढे ~/ टिंब-तारा. डॉट फोल्डर पकडायला हे सोयीचं वाटतं, पण बॅशमध्ये टिंब-तारा हा दोन टिंबांनाही, म्हणजे वरच्या फोल्डरलाही लागू पडतो. कमांड /होममध्ये चढते आणि घरातल्या बाकी सगळ्यांच्या फाइलीसुद्धा तुमच्या नावावर करते. बॅश ५.२ पासून हे बदललंय, पण मिंट २१ मध्ये त्याआधीचं बॅश आहे.

गोदाकाठ

यादी लांबलचक आली. बहुतेक सगळं मोझिला आणि लिब्रेऑफिसच्या पोटातलं, शिवाय डॉट-थंडरबर्ड, ज्याच्याकडे मी अजून वळलेच नव्हते. अनोळखी काही दिसलं नाही. मालकी बदलायची कमांड चालवली, लगेच संपली. यादीची पुन्हा चालवली तर काहीच छापलं नाही.

लिब्रे ऑफिस उघडलं! वर्डबुक फोल्डरमधली फाइल उघडून पाहिली, माझे सगळे शब्द आहेत. फायरफॉक्स बुकमार्कांसकट. आयबस मात्र अजून गप्प आहे.

सह्यकडा

लॉगिनच्या वेळी आयबसचा डीमन अपयशी ठरला तो ठरला, आपोआप पुन्हा प्रयत्न करत नाही. लॉगआउट करून परत आत या. किंवा टर्मिनलमध्ये आयबस-डीमन -डीआरएक्स.

गोदाकाठ

हे लॅपटॉपवरून, इनस्क्रिप्टने लिहितेय. ज्ञ, क्ष, ऱ्य सगळं उमटतंय. सह्यकडा, केवडाताई, तुमचे उपकार आहेत. काम वेळेत जाईल.

मास्तर_करवीर

वाचून माझाही प्रश्न मांडतो. शाळेच्या लॅबमध्ये मुलांची होम फोल्डरं वेगळ्या पार्टिशनवर आहेत. सुट्टीत काही संगणकांवर लिनक्स नव्याने टाकलं, /होम पार्टिशन तसंच ठेवलं. आता आठवीचा म्हणून केलेल्या युजरने लॉगिन केलं की नववीच्या फाइलींवर त्याची मालकी दिसते आणि त्याच्या स्वतःच्या फोल्डरात त्याला जाता येत नाही. कुणी रूटने कॉपी वगैरे काही केलेलं नाही.

केवडा

सर, डिस्कवर मालकाचं नाव लिहिलेलं नसतं, फक्त आकडा असतो. पहिला युजर १०००, दुसरा १००१. नाव लावायचं काम एलएस करतं, त्या मशिनवरच्या पासवर्ड फाइलमध्ये बघून. आधी नववी पहिल्यांदा बनवली असेल आणि या वेळी आठवी, तर आकड्यांची अदलाबदल झाली. एलएसला -एन लावा, म्हणजे नावाऐवजी आकडे दिसतील. मग आयडी आठवी, आयडी नववी चालवून ताडून बघा.

मुलांच्या फाइलींना हातच लावू नका. लॅबमध्ये सगळीकडे एकच क्रम ठेवायचा असेल तर युजर बनवतानाच ॲडयुजरला युआयडी सांगा आणि कोणत्या इयत्तेचा कोणता आकडा ते वहीत लिहून ठेवा. खूप जुन्या फेडोरावरची पार्टिशनं असतील तर तिथे आकडे ५०० पासून सुरू झालेले दिसतील. फेडोरा १६ पासून, म्हणजे २०११ पासून, ते १००० झाले.

रानजाई

आणि ज्यांच्याकडे सुडो नाही त्यांनी काय करायचं? ऑफिसच्या मशिनवर माझ्या डॉट-कॉन्फिगमध्ये एक फोल्डर रूटचं झालंय, ॲडमिनला तिकीट टाकलंय, उत्तर नाही.

सह्यकडा

तात्पुरती वाट आहे. मालक तुम्हाला बदलता येणार नाही, पण नाव बदलता येतं. फोल्डरचं नाव त्याच्या आईबाप फोल्डरात लिहिलेलं असतं आणि डॉट-कॉन्फिग तुमचं आहे. तेव्हा सुडोशिवाय एमव्ही करून त्याला .जुने अशी शेपटी लावा, त्याच जागी. प्रोग्रॅम नवं कोरं फोल्डर तुमच्या नावावर बनवेल आणि काम सुरू होईल. ॲडमिनने मालकी दिली की जुन्यातलं हवं ते परत आणा. मिटवायला गेलात तर मात्र फोल्डर रिकामं असेल तरच मिटेल.

प्रवासी_पक्षी

स्टुटगार्टहून. माझ्या घरच्या सर्व्हरवर हा प्रकार सतत व्हायचा आणि त्याचं कारण डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणारं साधन) होतं. कंटेनरला डॉट-कॉन्फिगमधलं एखादं फोल्डर -व्हीने जोडून दिलं आणि ते आधी अस्तित्वातच नसेल, तर डॉकरचा डीमन ते बनवतो, आणि तो रूट म्हणून चालतो. आतला प्रोग्रॅम रूट असेल तर त्याने लिहिलेल्या फाइलीही रूटच्याच. फोल्डर आधी स्वतः एमकेडीआयआरने बनवायचं आणि कंटेनरला --युजर १०००:१००० द्यायचं, किंवा इमेज पीयूआयडी-पीजीआयडी (युजर आणि ग्रुपचे आकडे) घेत असेल तर ते. नुसती मालकी बदलत राहिलात तर कंटेनर पुन्हा सुरू झाला की पहिले पाढे पंचावन्न.

खिडकीबाहेर

माझ्या मशिनवर फाइंडने रूटच्या नावावरच्या बऱ्याच फाइली दाखवल्या. डॉट-एनपीएम, डॉट-कॅशमधलं पिप, आणि डॉट-डीबस. पॅकेजं टाकायला एनपीएम आणि पिप सुडो लावून चालवतो, त्यामुळे का? आणि सुडो लावून एडिटर उघडला तरी असंच होतं का?

केवडा

हो, जुन्या उबुंटू-मिंटवर त्यामुळेच (कारण पुढे सांगते). एनपीएम आणि पिप दोघंही स्वतः तक्रार करतात, कॅश फोल्डर तुमच्या मालकीचं नाही म्हणून. तो संदेश इतक्या ओळींत येतो की नजरेतून सुटतो. दोन्ही फोल्डरं वरच्याच पद्धतीने आपल्या नावावर करा आणि यापुढे दोन्ही सुडोशिवाय, पिप तर व्हर्च्युअल एनव्हायर्नमेंटमध्येच.

एडिटरचं थोडं ऐतिहासिक आहे. उबुंटूचं सुडो पूर्वी होम हा व्हेरिएबल तुमचाच ठेवायचं. म्हणजे प्रोग्रॅम रूट म्हणून चालायचा पण सेटिंग तुमच्या घरात लिहायचा. आयबससुद्धा तेव्हा इशारा द्यायचं, की बस फोल्डरचा मालक रूट नाही. १९.१० पासून उबुंटूने ते बदललं, आता सुडोत होम रूटचं असतं. म्हणून जुन्या लेखांतल्या सुडो -एच (एच मोठा) वगैरे सूचना आजच्या मिंटवर फारशा लागत नाहीत. तरीही सिस्टिमची फाइल बदलायला सुडोएडिट चांगलं: एडिटर तुमच्या नावाने चालतो आणि फक्त तयार फाइल रूट म्हणून जागेवर ठेवली जाते. आणि मिंटच्या निमोमध्ये "ओपन ॲज रूट" आहे, त्या खिडकीतून आपल्या होममध्ये काही पेस्ट केलंत तर ते रूटचंच होतं, याला १९.१० चा काही उपाय नाही.

लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड बरोबर टाकूनही परत त्याच पडद्यावर येत असाल, तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून होममधल्या डॉट-एक्सऑथॉरिटीचा मालक बघा. फार वेळा तो रूट निघतो.

आंबोली_धुकं

माझी अडचण छोटी आहे. एसएसएच किल्ली पेनड्राइव्हवरून नव्या लॅपटॉपवर आणली, आता एसएसएच म्हणतं ०७५५ फार मोकळं आहे. मालक मीच आहे.

सह्यकडा

तुमच्याकडे मात्र खरोखर सीएचमॉडचंच काम आहे. पेनड्राइव्हवरच्या फॅट किंवा एक्सफॅटमध्ये लिनक्सच्या परवानग्या ठेवायची सोयच नाही, माउंट करताना सगळ्यांना एकच मोड दिला जातो आणि कॉपीबरोबर तोच येतो. डॉट-एसएसएचला ७००, खाजगी किल्लीला ६००. पुढच्या वेळी टारमध्ये बांधून न्या, टारच्या पोटात मोड टिकतात. फेडोरा सर्व्हरवर मोड आणि मालक दोन्ही बरोबर असूनही किल्ली नाकारली गेली, तर रिस्टोरकॉन मोठ्या -आरने डॉट-एसएसएचवर चालवा, तिथे सेलिनक्स या सुरक्षा यंत्रणेचं लेबल बहुधा चुकलेलं असतं.

गोदाकाठ

शेवटचा प्रश्न. त्या दुकानात जाऊन सांगणार आहे. माणूस चांगला आहे, कष्टाने काम करतो, आणि आमच्या भागात लिनक्स हाताळणारा दुसरा कुणी नाही. त्याला भिंतीवर चिकटवता येईल अशी छोटी चिठ्ठी लिहून द्याल का?

सह्यकडा

नक्की. हे द्या:

"होम फोल्डर हलवताना सीपी -आर नको, सीपी -ए. मोठी डिस्क असेल तर सुडो आरसिंक -एएचएएक्स --न्यूमेरिक-आयडीज (पहिला ए छोटा, एच, दुसरा ए आणि एक्स मोठे). ग्राहकाने लॉगिन केलेलं नसताना, दुसऱ्या युजरमधून किंवा लाइव्ह यूएसबीवरून कॉपी करा. जुन्या आणि नव्या डिस्कवरचा युआयडी एकच आहे का ते एलएस -एलएनने बघा. झाल्यावर सुडो फाइंड /होम/नाव -एक्सडेव्ह ! -युजर नाव चालवा. उत्तर रिकामं आलं तरच लॅपटॉप परत द्या. काही आलं तर ताऱ्याने नाही, फाइंडनेच मालकी बदला."

गोदाकाठ

छापून घेतलं. जुनी डिस्क अजून त्याच्याकडेच आहे, उद्या घेऊन येईन तेव्हा देते.

मास्तर_करवीर

आमच्याकडे आकड्यांचीच अदलाबदल निघाली. युजर नव्याने योग्य युआयडी देऊन बनवले, मुलांच्या एकाही फाइलला हात लावावा लागला नाही. ती चिठ्ठी मीही लॅबमध्ये लावतोय.